‘ठक’ या शब्दाचे कार्ड

मी, अस्मिता रामदास ओव्हाळ, वय ३१, काम मोजमापाच्या उपकरणांची तपासणी, राहणार विश्रांतवाडी, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतः टंकून ठेवते. येत्या शुक्रवारी माझ्या मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया आहे. गाठ डोक्यात असली तरी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील सर्व ठेवी माझी आई राधा हिला. तिने मामाच्या सल्ल्याने फ्लॅट विकू नये. मामाचा सल्ला आजवर एकदाही बरोबर निघालेला नाही.

२. माझा मायक्रोमीटर सहकारी केयूर याला. वापरून झाल्यावर तो पुसायचा असतो, हे त्याला सातव्यांदा सांगत आहे.

३. माझे कै. वडील मराठीचे शिक्षक होते. शब्दांच्या मुळांविषयी त्यांनी लिहिलेली ४,२१६ कार्डे, एक वगळता, त्यांच्या शाळेच्या वाचनालयाला. सोबत मी केलेले स्कॅन. बाबा म्हणायचे, “अस्मी, तुला यंत्रातलं कळतं. शब्दाचं आपण स्वरालीला विचारू.” स्वराली बनसोडे ही त्यांची विद्यार्थिनी. दर रविवारी यायची. चहा मी करायचे. शेवटच्या दिवशीही त्यांनी दाराकडे बघत विचारले, “स्वराली आली का?” मी उशाशी बसले होते.

४. स्कॅन ४,२१५ कार्डांचेच आहे. उरलेले कार्ड माझ्या व्हर्निअरच्या पेटीत, फोमखाली आहे. त्यावर बाबांचे अक्षर: “ठक. मी आजवर ‘लुटारू’ हाच मूळ अर्थ धरला. चूक. संस्कृत स्थग्, म्हणजे झाकणे. ठक हा मुळात लुटणारा नव्हे, झाकून ठेवणारा. दुरुस्ती स्वरालीची. शाब्बास!”

सर्व कार्डांत ‘शाब्बास’ एकदाच आहे. मी दोनदा तपासले.

बाबा गेल्यावर स्वरालीने विचारले होते, “ठकचं कार्ड सापडलं का गं? सर लिहिणार होते.” मी म्हटले, “राहिलं असेल लिहायचं.”

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे वकील म्हणाले. म्हणून स्वरालीला साक्षीदार केले आहे. तिला मी काहीही देत नाही. ते कार्ड माझे नव्हतेच. साक्षीदारांनी सर्व कलमे वाचूनच सही करावी.

पुणे, १४ ऑक्टोबर २०२५
(सही) अस्मिता रामदास ओव्हाळ

साक्षीदार
१. (सही) अनिरुद्ध तुपे, शेजारी, विश्रांतवाडी
२. (सही) स्वराली बनसोडे, कर्वेनगर

(सहीखाली, पेनाने:) वाचलं. कार्ड आज नेत नाही. शुक्रवारनंतर तूच आणून दे. चहा मी करते.