कापलेले कार्ड आणि भिंतीवरचा टीव्ही

चार वर्षांपूर्वी एका सकाळी मी दुकान उघडले, देवाला हात जोडले आणि मोठ्या कात्रीने बँकेच्या क्रेडिट कार्डाचे दोन तुकडे केले. कापड एकदा कापले की परत जात नाही, व्यवहार तिथेच संपतो, ही आम्हा शिंप्यांची रीत. मला वाटले, कार्डाचेही तसेच असणार.

मी, पडदे आणि सोफ्याची कव्हरे शिवणारा, वय एकोणपन्नास, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ताळ्यावर आहे, चष्मा नाकावर आहे, आणि कुणी दटावून लिहून घेत नाही. प्रकृती ठणठणीत आहे. बोलावणे देवाच्या हाती, आवराआवर माझ्या.

एक. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. शिल्लक पाहून तिने हसू नये. कार्ड कापून मी म्हणालो होतो, "सुटलो बाई!" ती म्हणाली, "कात्रीनं सुटता आलं असतं, तर मी कधीच सुटले असते."

दोन. त्या कार्डावर माझ्या मेहुण्याने भिंतभर टीव्ही घेतला होता. "दाजी, हप्ते मी भरतो. तुम्ही निवांत राहा." त्याने दोन हप्ते भरले, पुढे आम्ही दोघेही निवांत राहिलो. त्याला काय ठेवले ते शेवटी.

तीन. बँकेच्या वसुलीच्या ताईंना, ज्यांना मी फक्त फोनवर ऐकले, कधी पाहिलेले नाही, त्यांच्या खिडकीच्या मापाचे पडदे.

"काका, कार्ड कापलं म्हणून खातं बंद होत नाही हो. व्याज चढतंय."

"टीव्ही ज्याच्या घरी आहे त्याला विचारा की."

"टीव्ही कुणी का बघेना, सही तुमची आहे."

पुढे त्यांनीच सरळ सांगितले, "अर्धे भरून तडजोड होईल, पण तशी नोंद तुमच्या पत-अहवालात राहील, कर्ज देणारे तोच बघतात. पूर्ण भरा. उशिराचे जुने डाग लगेच जात नाहीत, काळानं फिकट होतात." डागांचे मला कळते. म्हणूनच "आगाऊ पैसे द्या, आठवड्यात अहवाल धुऊन देतो" म्हणणाऱ्या गृहस्थांना मी रेशमावरचा शाईचा डाग काढायला दिला. ते पुन्हा आले नाहीत. त्यांना काही नाही.

चार. दुकान मुलीला. हे कलम मी तीनदा लिहायला घेतले आणि तीनदा थांबलो. तिला जाड कापडाचे यंत्र हवे होते. कर्जाच्या अर्जावर तिच्यासोबत माझे नाव होते, आणि माझा अहवाल पाहून साहेबांनी अर्ज परत केला. वाटेत ती म्हणाली, "बाबा, तोंड पाडू नका. उसवलेलं शिवता येतं, तुम्हीच सांगता ना?" त्या रात्री मी देवाकडे पैसे मागितले नाहीत, ते त्याचे खाते नव्हे. अक्कल मागितली. वकिलांनी तर आणखी घाबरवले: देणे बाकी ठेवून मी गेलो, तर बँक मागे ठेवलेल्यातून वसूल करणार. म्हणजे पोरीला दुकान देताना माझे कर्जही दिले असते.

मोटारसायकल विकली, पायी फिरू लागलो, गुडघे सुधारले. बाकी फिटत आली. शेवटचा हप्ता राहिला.

पाच. आज सकाळी टीव्हीची माझ्या नावाची पावती आणि पाना घेऊन मेहुण्याच्या घरी गेलो.

"दाजी, मॅच चालू आहे!"

"संपू दे. मी बसतो."

त्याचा संघ हरला. मग मी टीव्ही उतरवला. तो फुरंगटून म्हणाला, "बहिणीकडे बघून गप्प बसतोय." मी म्हणालो, "मी चार वर्षं तेच केलं."

टीव्ही दुपारी विकला, हप्ता भरला, बाकी नसल्याचे पत्र घेतले. यंत्राचे कर्ज उद्याच मिळेल असे नाही. डाग फिकट व्हायला वेळ लागेल. पण आता दिवस आमच्या बाजूने मोजले जातील.

म्हणून चौथे कलम पुरे करतो: दुकान आणि मोठी कात्री मुलीला, निर्वेध व बोजारहित. कात्री फक्त कापडासाठी.

रिमोट मेहुण्याने दिला नाही. त्यावरील माझा हक्क मी त्याच्या नावे राजीखुशीने सोडत आहे.

साक्षीदार: शेजारचे चष्मेवाले (साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, म्हणून नुसता चहा), समोरच्या औषधदुकानाच्या बाई (बिनसाखरेचा).

सही: पडदेवाला
स्थळ: दुकान, कापायचे टेबल
दिनांक: देणे फिटले तो गुरुवार, दिवेलागणीच्या आधी