यंत्राची धर्ममाता

१४ मे

आलं! ओरुरो शहरातून ट्रक आला आणि किनवाचे कडू दाणे धुण्याचं यंत्र उतरलं! विद्यापीठाचे प्रोफेसर आर्सेनियो भाषण करून, जेवून गेले. भला माणूस, यंत्राची कल्पना त्यांचीच. मागे राहिली डेल्मिरा — विद्यापीठाच्या वर्कशॉपमधली, यंत्र तिनेच जोडलंय. लामाच्या मटणाच्या रश्श्याचा दुसरा वाडगा मागून घेतला पोरीने. मला तिथेच आवडली!

अट एकच — जूनमधल्या सणाआधी दाण्यांचा कडूपणा जाऊन ते गोड निघाले पाहिजेत, नाहीतर यंत्र परत. निघाले तर शाळांच्या जेवणाला आमचा किनवा जाईल. दगडाच्या खळग्यात उभं राहून पायाने दाणे मळणंही सुटेल. माझ्या टाचांपेक्षा लामाचे खूर बरे!

१५ मे

काय करून बसले मी! नवी वस्तू आली की धरणीमायला आधी घोट द्यायचा, हे काय शिकवावं लागतं? बिअर शिंपडली. चाकाला, झाकणाला, आणि लाडाने थोडी आतही. बटण दाबलं — फट्! धूर.

सून युलोगिया म्हणते, "सासूबाई, त्याला पाजलीत की स्वतः प्यालात?" बायका खिदळतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं.

डेल्मिराने मोटर उघडली, वास घेतला आणि हसत खालीच बसली. "आजी, वर्कशॉपमध्ये आम्हीही पाजतो हो. पण पायाशी! मोटरच्या तोंडात नाही."

१६ मे

मोटर चुलीजवळ सुकतेय. मी तिच्याशी बोलत नाही.

१७ मे

चाललं! पण दाणे कडूच. कितीही धुवा, फेस संपेना. डेल्मिराने चाखले, तोंड असं केलं जणू विंचू चावला. "आजी, तुम्ही कसं करता? दाखवा."

दाखवलं. आधी भाजायचे, पांढरी माती मिसळायची, मग खळग्यात उतरून टाच फिरवायची. नुसतं दाबायचं नाही, पिळायचं. तिने बूट काढले, माझे खांदे धरले आणि उतरली की! दोघी गोल गोल. मध्येच थांबली — "हे यंत्र नुसतं घुसळतंय. त्याला टाचच नाही!"

मग माझा पाय मांडीवर घेऊन टाच मोजली. नवऱ्याने जन्मात कधी माझा पाय हातात धरला नाही, देव त्याचं भलं करो.

९ जून

डेल्मिरा वर्कशॉपमधून रबरी टाचा घेऊन आली! बसवल्या. भाजलेले दाणे, माती, सगळं रीतसर. पहिली मूठ मीच चाखली.

गोड!!

युलोगिया रडली. म्हणे डोळ्यात धूळ गेली. सासूबाईंना शिकवते!

प्रोफेसर फोनवर खूश — यंत्र राहिलं. पण म्हणाले, डेल्मिराला सारखं पाठवता येणार नाही. तिचं काम वर्कशॉपमधलं, गावातले दिवस कामात धरत नाहीत. म्हणजे पुढे यंत्र अडलं की पुन्हा आमच्या टाचा!

१० जून

सुचलं! पोराच्या बाप्तिस्म्याला, घराच्या छपराला, अगदी फुटबॉलच्या सदऱ्यांनाही आपल्यात धर्ममाता लागते. मग यंत्राला का नको? डेल्मिराच्या गळ्यात कागदी फुलांची माळ घातली. आता नाही म्हणते कशी? धर्ममातेला लेकराची विचारपूस करायला यावंच लागतं.

प्रोफेसरांना फोन लावला. खो खो हसले. त्यांच्या स्वतःच्या गळ्यात ढीगभर धर्मपुत्र आहेत! "आजी, नात्यापुढे विद्यापीठाचं काय चालणार? तिचे गावातले दिवस कामात धरायला लावतो."

२ ऑगस्ट

डेल्मिरा येते, पोट दिसायला लागलंय तिचं, पण हल्ली यंत्राला हात लावत नाही. पाना माझ्या हातात देते आणि स्वतः कोकाच्या पानांचा चहा पीत बसते. "पट्टा सैल झालाय. कुठे ते तुम्ही शोधा." धर्ममाता की सासू? शोधला. बेअरिंगला ग्रीसही घातलं. युलोगिया म्हणते, आता भाकरीला ग्रीसचा वास येतो. येऊ दे!

३ नोव्हेंबर

प्रोफेसरांचा फोन. पलीकडच्या खोऱ्यात दिलेलं असंच यंत्र बंद पडलंय आणि डेल्मिरा बाळंतपणाच्या रजेवर. तिने माझं नाव सुचवलंय. उद्या विद्यापीठाची गाडी मला न्यायला येतेय.