शेवटच्या आठ ओळी

डॅड,

तुम्हाला पुरलं त्याच आठवड्यात शेजारी आपला मका काढायला आले. कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी बघतो तर रस्त्यावर कापणीयंत्रांची रांग. आपल्या आयोवात असं करतात, हे मी अलास्कात मासेमारीच्या बोटीवर सांगायचो, तर कुणाला खरं वाटायचं नाही. बोटीवरचा आचारी मात्र झकास होता. असो, ते राहू दे.

शेजारचा ऑर्विल टायडेन म्हणाला, "माझा पाय मोडला तेव्हा तुझा बाप सगळ्यांत आधी हजर. पण जेवायला घरीच पळायचा, बायकोपोरांत. आम्ही चिडवायचो, तर म्हणायचा, तुम्हाला घरी कोण बोलावतंय!"

दुपारपर्यंत शेत मोकळं झालं. फक्त आठ ओळी त्यांनी उभ्या ठेवल्या.

"या घरच्या माणसानं कापायच्या. चढ, पोरा," ऑर्विल म्हणाला.

मी तुमच्या यंत्रावर चढलो. खाली सगळे टोप्या काढून उभे राहिले. ऑर्विल शेजारी टेकून म्हणाला, "मी सांगतो तसं कर." पण हातच उचलेना. एवढं कापलं की तुमच्या हातचं पीक संपलं, आणि पुढचं माझ्या गळ्यात.

शेवटी आईच म्हणाली, "उतर रे, कर्ट. चला, जेवून घ्या सगळे."

त्या ओळी अजून उभ्याच आहेत. काल आईनं विचारलं, "वसंतात पेरणार कोण?"

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "बर्फ पडेलसं वाटतंय."

डॅड, तुम्हीही उठता-बसता हवामानाचंच बोलायचात. तेव्हा तुम्हाला नेमकं काय सांगता येत नव्हतं?

तुमचा,
कर्ट