बुधवारचा बीजगणिताचा पेपर आणि माझी मिळकत

मी, शेफाली नागोराव जोंधळे, वय वर्षे तेवीस, शिक्षण बी.कॉम., व्यवसाय नोकरी, राहणार कर्वेनगर, पुणे, आज रविवार दिनांक २ मार्च २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतः टाइप करत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. सकाळीच मी बाबांच्या वीजबिलाचा घोळ निस्तरला. मला कोणी धाक दाखवलेला नाही की गळ घातलेली नाही. उलट, हे असले काही लिहू नकोस म्हणून सगळे घर मागे लागले आहे.

कलम १. लिहिण्याचे कारण. येत्या बुधवारी, ५ तारखेला, सकाळी नऊ वाजता माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. जन्मापासून एक छिद्र आहे, ते बुजवायचे आहे. धर्मादाय रुग्णालयातली राखीव खाट मिळाली आहे. ही तारीख सोडली तर पुढची कधी, ते तिथल्या नोंदणीच्या बाईंनाही सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, "शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी आपल्या पायांनी घरी जातात." मी वकिलांच्या ऑफिसात काम करते. आमच्याकडे उरलेल्या दोघींचे कागद येतात.

त्याच बुधवारी अकरा वाजता माझी आई, यमुनाबाई, हिचा दहावीचा बीजगणिताचा पेपर आहे. आई त्रेचाळीस वर्षांची आहे. वाशीम जिल्ह्यातल्या गावी पाचवीनंतर तिची शाळा सुटली. पुण्यात ती चार घरी स्वयंपाक करते. मला पदवी मिळाली त्या दिवशी तिने कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारले, "हे कितवीनंतर भेटते?" दुसऱ्या वर्षी तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. मराठी आणि इंग्रजी झाले. आता ती म्हणते, बुधवारी पेपरला जाणार नाही, दवाखान्यात बसणार. माझ्यामागे काय उरेल यापेक्षा बुधवारी अकरा वाजता आई कुठे असेल, याची मला जास्त काळजी आहे. बाकीची कलमे वाचताना हे लक्षात असू द्यावे.

कलम २. व्यवस्थापक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. महिपती शेडगे, बिबवेवाडी, यांनी करावी. मी त्यांच्याकडे दोन वर्षे टाइपिंग करते. त्यांनी मला काम शिकवले आणि एकदाही आवाज चढवला नाही. त्यांना त्याची गरजच पडत नाही. पहिल्या महिन्यात मी एका आजोबांचे मृत्युपत्र आधीच्या अशिलाच्या फाइलवर नावे बदलून तयार केले. सह्यांच्या वेळी आजोबा मोठ्याने वाचू लागले आणि सातव्या कलमाला थांबले. "हा धोंडिबा कोण? माझी म्हैस याला कशापायी?" आजोबांकडे म्हैस नव्हतीच. शेडगे सरांनी चष्मा काढला. "शेफालीताई, आपण फार उदार आहात. लोकांना नसलेल्या म्हशीसुद्धा वाटून टाकता." त्या दिवसापासून मी कोरा नमुना वेगळा ठेवते, आणि कागद छापण्याआधी मागच्या अशिलाचे नाव शोधून पाहते. हे मृत्युपत्र मी कोऱ्या पानावर सुरू केले आहे. यात म्हैस नाही.

स्टॅम्प पेपर आणू का, असे मी सरांना विचारले होते. "मृत्युपत्राला लागत नाही. मरण तेवढे सरकारने फुकट ठेवलंय," असे ते म्हणाले.

कलम ३. लॅपटॉप आणि वही. माझा जुना लॅपटॉप, जो मी चौदा हजारांना वापरलेला घेतला, तो माझा धाकटा भाऊ योगेश याला द्यावा. सोबत निळी वही द्यावी. त्यात मी कामात सापडलेल्या युक्त्या लिहिल्या आहेत. काही इथेही लिहिते, कारण योगेश वही उघडेल याची खात्री नाही. विंडोज आणि व्ही ही बटणे एकत्र दाबली की आधी कॉपी केलेल्या गोष्टी यादीने समोर येतात. सेटिंग एकदा चालू करावे लागते. चुकून बंद झालेले ब्राउझरचे पान कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबून परत येते. फाइलच्या नावात तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा; फाइली आपोआप रांगेत लागतात. 'फायनल' हे नाव कुठल्याच फाइलला देऊ नये.

या युक्त्यांनी रोजची वीस मिनिटे वाचतात. मी ती वाचनाला दिली. योगेशने कशाला द्यावीत ते त्याने ठरवावे. मी ताई आहे, पोलीस नाही. पासवर्ड बंद पाकिटात शेडगे सरांकडे आहेत.

कलम ४. पुस्तके. बाबा ज्या सोसायटीत वॉचमन आहेत, तिथे क्लबहाउसमध्ये पुस्तकांचे कपाट आहे. मी नववीत असताना तिथे पुस्तक मागायला गेले. तेव्हाचे सेक्रेटरी म्हणाले, "पुस्तके रहिवाशांसाठी आहेत. वॉचमनची केबिन आवारात येते, रहिवाशांत येत नाही." हे वाक्य मला अजून पाठ आहे. त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आनंदीबाई सहस्रबुद्धे, म्हणजे आमच्या आनंदीकाकू, केबिनपाशी आल्या आणि माझ्या हातात दोन पुस्तके ठेवली. "माझ्या नावावर घेतलीयत. शनिवारी परत. कोपरे दुमडलेस तर बोलणार नाही तुझ्याशी." पुढची सात वर्षे दर शनिवारी दोन. कपाटाच्या रजिस्टरमध्ये सगळ्यात जास्त वाचणाऱ्या रहिवासी म्हणून काकूंचा सत्कार झाला. त्यांनी नारळ आणून आमच्या केबिनच्या टेबलावर ठेवला.

माझी स्वतःची एकोणचाळीस पुस्तके आहेत. ती सगळी त्याच कपाटाला द्यावीत. अट एवढीच की आत पहिल्या पानावर 'आवारातल्या सर्वांसाठी' असा शिक्का मारावा. शिक्का मी करून ठेवला आहे. त्या सेक्रेटरींबद्दल माझ्या मनात राग होता, तो मी या कलमाने सोडून देते. ते नसते तर काकू खाली आल्या नसत्या.

कलम ५. बाबा. श्री. नागोराव जोंधळे यांना माझा मोबाइल द्यावा, अक्षरे मोठी करून. माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी बाबांनी मला समोर बसवले आणि म्हणाले, "पगार किती ते मले सांगू नको. तुह्या नावावर ठेव." आमच्या ओळखीत असे म्हणणारे दुसरे वडील मला माहीत नाहीत. पगार झाला की खर्चाआधी चार हजार बाजूला टाकायचे, हा नियम मी त्यांच्या त्या वाक्यावर चालवला. बँकेत वारस म्हणून बाबांचे नाव आहे. ते फक्त पैसे हातात घेण्यापुरते आहे. ते पैसे कोणाचे, हे पुढचे कलम सांगते.

कलम ६. ठेव. माझ्या नावावरची शहाण्णव हजार रुपयांची मुदत ठेव माझी आई यमुनाबाई हिला मिळावी, या अटीवर की तिने दिनांक ५ मार्चचा बीजगणिताचा पेपर दिलेला असावा. न दिल्यास सदर रक्कम योगेशला जावी.

कलम ७. कलम सहा टाइप करून मी चहा ठेवायला उठले. परत आले तर आई लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर बोट ठेवून वाचत होती, ओठ हलत होते.

"मी पेपरले गेली तरच पैसे?"

"हो."

"अन् नाही गेली त योगेशले."

"हो."

"म्हंजे तू मेली, त मी पैशासाठी गेली होती असं होईन."

ऑफिसात मी अटींची कितीतरी मृत्युपत्रे टाइप केली आहेत. 'सांभाळ केल्यास', 'दारू सोडल्यास'. ज्याच्यावर अट घातली त्याने ती वाचल्यावर त्याचे तोंड कसे होते, हे मी पाहिले नव्हते.

मी म्हटले, "मग तू का जात नाहीस?"

"पोरगी टेबलावर, अन् माय क्षची किंमत काढत बसली! काय म्हनतीन?"

"कोण म्हणतील?"

"मीच म्हनीन ना व."

"आई, दवाखान्यात आलीस तरी बंद दारापुढे बसशील. आत बाबांनाही सोडत नाहीत. तिथे तुला माझ्यासाठी काही करता येणार नाही. पेपर देता येईल. भूल देताना आकडे मोजायला लावतात म्हणे. ते मोजताना मला माहीत पाहिजे, की तू हॉल तिकीट घेऊन निघालीयस."

तिने पडद्यावरचे बोट काढून घेतले. मग म्हणाली, "सुटते किती वाजता?"

"एक वाजून दहा मिनिटांनी."

"अन् तुले कवा बाहेर आनतीन?"

"दोनच्या पुढे."

"ते अट काढ."

"काढली तर जाशील?"

"आधी काढ."

म्हणून कलम सहामधील 'या अटीवर' पासून शेवटपर्यंतचे सर्व शब्द मी रद्द करत आहे. ते पुसलेले नाहीत. रद्द झालेले दिसू द्यावे आणि खाली सही करावी, असे शेडगे सर शिकवतात. ठेव आईला विनाअट मिळावी. ती पेपरला गेली नाही तरी ठेव तिचीच, आणि माझी तिच्याविरुद्ध कसलीही तक्रार नाही.

कलम ८. मला तेवीस वर्षांत पुष्कळ मिळाले: वाचू देणारी शेजारीण, चुका हसून दाखवणारे साहेब, पगार न विचारणारे वडील, आणि माझ्या मागच्या बाकावर बसून शिकणारी आई. यातले काहीही मला वाटून देता येत नाही, म्हणून फक्त नोंद करून ठेवते. वर लिहिलेले सर्व मी राजीखुशीने लिहिले, छापून पुन्हा वाचले आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही : शेफाली नागोराव जोंधळे

साक्षीदार १ : आनंदी सहस्रबुद्धे, कर्वेनगर
साक्षीदार २ : संतोष कोंडीराम वाबळे, शेजारी, कर्वेनगर

ठिकाण : पुणे. दिनांक : २ मार्च २०२५

(आईलाही साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असा आमच्या ऑफिसचा शिरस्ता आहे. म्हणून तिने खाली वेगळे लिहिले आहे.)

वरचा कागद मी स्वतः वाचला. दोन जागी अडली. कोणाले विचारलं नाही, परत वाचल्यावर समजलं. बुधवारी पेपर सुटला की प्रश्नपत्रिका घेऊन रिक्षानं येतो. बाजूले माझी उत्तरं लिहून आनीन. शुद्धीवर आली की तपासून दे.

यमुना नागोराव जोंधळे