दम घ्यायची जागा

बंगलोर,
रविवार, ता. २७ ऑक्टोबर १९७४

ती. दादास,

चार तारांच्या गिटारीला सहा तारांच्या गिटारीपेक्षा जास्त पैसे मागणारा दुकानदार चोर आणि ते द्यायला निघालेला तुझा भाऊ खुळा, हे तू आता तिसऱ्या पत्रात लिहिलंस. दोन तारा कमी तर पैसे कमी, असा तुझा हिशेब. मग बँडात तू फुंकतोस त्या मोठ्या पितळी बाजाला कळा तीनच आणि क्लॅरिनेटला ढीगभर, तरी बँडच्या मडिवाळप्पा मास्तरांनी बाजाला जास्त पैसे का मोजले, ते आधी सांग. जाड आवाजाला माल जास्त लागतो. तारा सुतळीएवढ्या जाड, मानही लांब, आणि ती वाकू नये म्हणून आतून लोखंडाची सळई. हे मला कुणी शिकवलं नाही, हातात घेतल्यावर कळलं.

नमस्कार मागंच राहिला. आईला सांग. चांगुणावहिनीनं पाठवलेली शेंगाची चटणी पोचली. खोलीतल्या दोघांनी ती इडलीबरोबर खाऊन संपवली आणि आता माझ्याकडं अशी बघतात, जशी मीच कुठंतरी लपवून ठेवली आहे. मी बरा आहे. तूही बरा आहेस असं तू लिहितोस.

आता भांडणाचं. मास्तर बँड मोडून ऑर्केस्ट्रा काढणार, तुळशीची लग्नं लागली की पहिली सुपारी घेणार, हे तूच कळवलंस. त्यात बाजाला जागा नाही, जाड सुरांना बेस गिटार लागणार. आपल्यातला कुणी तोवर तयार झाला तर त्याची जागा पक्की, नाहीतर मास्तर हैदराबादचा माणूस आणणार, हेही तूच लिहिलंस. आणि खाली काय, तर ‘आपण बाजावाले, आपल्याला काय त्याचं.’ दादा, सूतगिरणी तू सोडलीस. का सोडलीस ते विचारलं तर कंटाळा आला म्हणालास. आता बँडही गेला तर घरात येणार काय? म्हणून मी हे सगळं करत बसलो आहे, हौस म्हणून नाही. थोडी हौस आहे, ते कबूल.

झालं असं की आमच्या चनबसप्पा मालकांचं दुकान माइक आणि आवाजाची मशीनं दुरुस्त करायचं. मंडपवाल्यांचे, नाटकवाल्यांचे, सगळ्यांचे जळके अ‍ॅम्प्लिफायर इथं येतात आणि मी दिवसभर कथलाचे डाग देतो. छावणीतल्या हॉटेलांत वाजवणारेही येतात. त्यातला एक म्हातारा ख्रिश्चन बेस वाजवतो, सगळे त्याला अंकल म्हणतात. त्याला मी विचारलं की गरिबानं बेस घ्यायचा तर कसा घ्यावा. तो हसला नाही. म्हणाला, आधी रंग बघायचा सोड.

मग रविवारी रविवारी आम्ही हिंडलो. एका दुकानात लाल रंगाची नवीकोरी होती, कलकत्त्याची. मी तिच्यावर भाळलो. अंकलनं ती बंदुकीसारखी डोळ्याला लावून मानेकडं बघितलं आणि माझ्या हातात दिली. मान वाकलेली, बैलगाडीच्या जोखडासारखी. मग त्यानं तार मोकळी वाजवली आणि तीच तार मानेवरच्या बाराव्या पट्टीवर दाबून वाजवली. तोच सूर वरच्या सप्तकात यायला पाहिजे. आला नाही, शेजारी कुठंतरी पडला. तू तिथं असतास तर दुकानातच थुंकला असतास.

शेवटी घेतली ती एका मोडलेल्या ऑर्केस्ट्र्याच्या माणसाकडून. जपानी आहे, जुनी. डोकं एकदा तुटून सरसानं चिकटवलेलं, रंग गेलेला, पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. पण मान सरळ आणि बाराव्या पट्टीवर सूर चोख. किंमत सांगणार नाही, तू परत तारा मोजशील.

तारा मात्र मेलेल्या होत्या, वाजवल्या की बद्द आवाज. नव्या घ्यायच्या तर माझ्या महिन्याच्या खानावळीपेक्षा जास्त. अंकल म्हणाला, काढ आणि उकळ. मला वाटलं चेष्टा करतोय. खरंच उकळतात. धुण्याचा सोडा टाकून खानावळीतल्या सांबाराच्या पातेल्यात चारी तारा उकळल्या. घामानं आणि मळानं भरलेल्या असतात, तो मळ सुटतो. पुसून कोरड्या केल्या, चढवल्या, आणि घंटेसारख्या वाजल्या. आचारी बघत होता. त्यानं विचारलं, आता शेवग्याच्या शेंगा कधी टाकू. अजून मला वाढताना ‘तारा शिजल्या का’ म्हणतो.

आता तुझा दुसरा आक्षेप, की ही मंडपात ऐकणार कोण. त्यात तू निम्मा बरोबर आहेस. गिटार मशीनला लावली आणि मशीनला मंडपातला कर्णा जोडला. म्हटलं, आता पार तिकडं आपल्या भवानी पेठेत भांडी पडली पाहिजेत. आवाज आला तो फणीवर कागद ठेवून फुंकल्यासारखा. कर्ण्यातून माणसाचं बोलणं जातं, बेस जातच नाही. मग मी शहाणपणा केला आणि मालकांच्या घरच्या रेडिओला लावली. एक गाणं झकास वाजलं, दुसऱ्याला रेडिओतला स्पीकर फाटला. मालक ओरडले नाहीत. संध्याकाळच्या बातम्या आता तूच वाचून दाखव म्हणाले, आणि दोन दिवस खरोखर माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घेतलं. माझं कन्नड वाचणं तुला माहीत आहे. सगळं दुकान पोट धरून हसत होतं.

बाकाखाली बंद पडलेल्या टूरिंग टॉकीजचा बारा इंची स्पीकर पडून होता. तो टेबलावर ठेवून लावला, तर त्यातही बेस नाही. इतका मोठा असून नाही. हे मला काही केल्या समजेना. कपाटाच्या दाराची काच फुटलेली होती, त्या भोकात मी तो बसवला, कडेच्या फटी गोणपाटानं बुजवल्या, आणि तार ओढली. दादा, वाट्यांमधले स्क्रू नाचायला लागले. स्पीकर तोच, मशीन तेच. मालकांनी समजावलं की स्पीकर पुढं ढकलतो तेव्हा मागून ओढतो, पुढची हवा आणि मागची हवा कडेनं भेटली की एकमेकीला खाऊन टाकतात. मध्ये भिंत घातली की भेट होत नाही. एवढंच. मी त्या दिवशी जेवायचं विसरलो.

आणखी एक. स्पीकरजवळ उभं राहिलं तर फार काही वाटत नाही. मी एकाला वाजवायला लावून रस्ता ओलांडून पानवाल्यापाशी गेलो, तर तिथं बेस पोटात घुमत होता. तू मला सांगायचास की बेस वाजवणाऱ्याला कमी आणि गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या बाईला जास्त ऐकू येतो. तेच हे.

म्हणून नवीन मशीन घ्यायचं नाही. मास्तरांची माइकची दोन जुनी मशीनं आहेत ना, त्यातलं एक गाणाऱ्यांना राहू दे, दुसरं आपण घेऊ. मागच्या बाजूला खुंट्या असतात, तिथला कर्णा काढायचा आणि जिथं आठ आकडा आहे तिथं स्पीकरची तार लावायची. शंभर लिहिलेल्या खुंटीला हात लावायचा नाही. बटण अर्ध्याच्या वर न्यायचं नाही. स्पीकर फडफडला की कमी करायचा, जोर आला म्हणून खूश व्हायचं नाही. आणि पायात चप्पल घालून वाजव. गिटारीच्या तारेला हात आणि माइकला ओठ लागला की विजेच्या मुंग्या येतात, इथं एक गाणारा स्टेजवरून उडाला होता.

स्पीकरची पेटी त्रिंबक सुताराकडून करून घे. सागवान नको, जाड फळी चालेल, पण पाठ बंद पाहिजे आणि कुठंही फट नको. इथले सगळे पेटीत आतून कापूस भरतात म्हणजे आवाज घुमत नाही. आपण कापूस भरायचा नाही. जुन्या चादरी दुमडून खिळ्यांनी आतून मारायच्या. त्याही वहिनीला अंगणात झटकायला सांग. तू झटकू नको. तू त्या वेळी घरात थांबू नको.

हे वाचून तू पत्र खाली ठेवशील, मला माहीत आहे. उचल परत.

वाजवायचं कसं, ते तुला मी काय शिकवणार. अंकलनं मला बसवून दोनचार गाणी शिकवली. मी शिकलो ते त्याच्यासारखं नाही, तुझ्यासारखं. षड्ज, पंचम, षड्ज, पंचम, डाव्या पावलावर. मिरवणुकीत तुझ्या मागं चालून जे पायात बसलं, तेच बोटात आलं. अंकल ऐकत होता. त्यानं विचारलं की कडवं संपताना तू मध्येच एक ठोका सोडतोस, तो का. मी परत वाजवलं, परत सुटला. मला तोवर ठाऊकच नव्हतं की मी सोडतो. मग ध्यानात आलं. तिथं तू दम घेतोस. गिटारीला दम लागत नाही, तरी माझा हात तिथं थांबत होता. अंकलला सांगितलं. तो म्हणाला तसाच ठेव, त्या रिकाम्या जागेनं पुढचा ठोका मोठा वाटतो, हे मला इतक्या वर्षांत हॉटेलात सुचलं नाही.

हे मी तुला पुढच्या पत्रात सवडीनं लिहिणार होतो. पण गेल्या आठवड्यात आपला ढोलवाला संगप्पा इथं बहिणीकडं आला. दुकानात आला तेव्हा मी कपाटातल्या स्पीकरवर वाजवत होतो. त्यानं रिकामं खोकं ओढलं आणि हातानं ठेका धरला. रंगात आला होता. कडव्याच्या शेवटी मी तो ठोका सोडला आणि त्याचे हात खोक्यावरच थांबले.

“ह्यो कुंडलिकचा दम हाय,” तो म्हणाला.

मी म्हटलं व्हय, दादाचाच. तर त्यानं खोकं पायानं बाजूला सारलं. मला वाटलं त्याला काही बोलायचं आहे आणि मला ऐकायचं नव्हतं, म्हणून मी त्याला चहाला नेलं. चहा झाल्यावर त्यानं सांगितलंच.

“गणपती बुडवायच्या दिशी त्यो वाजवत न्हवता. तोंड लावून नुसत्या कळा दाबत व्हता. गाल बी फुगवत व्हता. मी ढोल जोरात बडवला, कुणाला कळू नये म्हून.”

“मास्तरला कळलं?” मी विचारलं.

“बेस गेला की मास्तरचा पाय चुकतो. त्यांना कळणार न्हाई व्हय? त्ये गप बसलं. दुसऱ्या दिशी ऑर्केस्ट्र्याचं काढलं.”

दादा, मी हे लिहावं की नाही म्हणून आज सकाळपासून कागद समोर ठेवून बसलो आहे. आधी गिटारीचं सगळं लिहून घेतलं, म्हणजे हे आपोआप राहील. राहिलं नाही. तुझ्या छातीत कापूस बसला आहे हे मला तू गिरणी सोडलीस तेव्हाच कळलं होतं, आणि तू कंटाळा म्हणालास तेव्हा मीही कंटाळाच म्हणालो. तुझ्या बाजाला मी कधी कमी म्हणणार नाही. पण बाजाला फुंक लागते आणि हिला लागत नाही. मास्तरांनी ‘आपल्यातला कुणी’ म्हटलं, ते कुणासाठी म्हटलं हे तुलाही कळलं असणार. नुसत्या कळा दाबून तू आणखी एक हंगाम काढशीलही, संगप्पा जोरात बडवेलही. तसा तू मला बघवणार नाहीस.

ही तू बसून वाजवशील. खुर्चीवर. दम लागला तर थांब, लोकांना वाटेल वाजवायची पद्धत आहे. हैदराबादच्या माणसाला सगळी गाणी येत असतील, पण तुझी ती रिकामी जागा त्याला कुणी शिकवलेली नाही.

गिटार आणि स्पीकर संगप्पाबरोबर उद्याच्या गाडीनं पाठवतो. गिटार घोंगडीत गुंडाळली आहे, डोक्याकडून उचलायची नाही. दोन खालच्या तारा मी सैल ठेवल्या आहेत, चढवताना तुझ्याच कानानं चढव. मला सुट्टी दिवाळीलाच मिळेल. तोवर रागावला असशील तर रागाव, पण रोज संध्याकाळी हातात घे. वहिनीला हे पत्र सगळं वाचून दाखवायचं की निम्मं, ते तुझं तू ठरव. मला विचारशील तर सगळं.

तू शिकवलेला आणि तुझं न ऐकणारा,
जालिंदर

मनीऑर्डर उद्याच करतो. त्यात पेटीच्या लाकडाचे पैसे आहेत आणि सिव्हिलमध्ये जाऊन छातीचा फोटो काढायचेही. फोटो आधी काढायचा, पेटी मग. दोन्हींचे मिळून नव्वद रुपये.