तिमजलीचा उतार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे या वयात पलंगावर बसून, मान वाकेल तितकी वाकवून. पण मन जमिनीला टेकलंय असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? माझं अक्षर पाकिटावर बघून तू आधी चष्मा पुसला असशील, मग पाकीट उलटंसुलटं केलं असशील आणि मग भाऊजींना म्हणाली असशील, 'बघा हो, कोण वारलं ते.' कोणीही वारलेलं नाही. सहा उन्हाळे झाले, तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस आणि मी तुझ्या. चूक कोणाची, हा विषय या पत्रात काढायचा नाही असं मी ठरवलं आहे. (माझं ठरवलेलं किती टिकतं ते तुला ठाऊक आहेच.)

इकडे सर्व क्षेम, फक्त तुझ्या भावजयीचा उजवा हात मोडला आहे. घाबरू नकोस, मनगटातलं एक बारीक हाड आहे. पॅसेजमध्ये घमेल्याला अडखळून पडली. घमेलं कोणाचं, हे तुला तिच्याकडून कळण्याआधी मीच सांगतो, माझं. गवंडीकाम सोडून दोन वर्षं झाली, मग घमेलं अजून पॅसेजमध्ये काय करतंय, असं ती विचारते. दवाखान्यात प्लास्टर घालताना मी शेजारी उभा होतो. ताई, इतका ओबडधोबड गिलावा मी माझ्या कामावर कुणाला करू दिला नसता. कोपरापाशी तर चक्क गोळे. मी म्हटलं, डॉक्टर, रंधा फिरवायचा राहिलाय. त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. ही आतून हसल्याचं मला ऐकू आलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

तर हात गळ्यात बांधून खुर्चीवर बसल्यापासून हिने कशाचा म्हणून हट्ट केला नाही. माझ्या हातची भाजी खाते, माझ्या हातचा चहा पिते, आणि दोन्हींतला फरक ओळखता आला तर कौतुकही करते. पण परवा फळवाल्याची हाक ऐकून ती खिडकीशी गेली, पीच आणि आलुबुखार बघितले आणि डावा हात गजावर टेकवून उभी राहिली. म्हणाली, वन्संची तिमजली खाऊन किती वर्षं झाली हो. एवढंच. पुन्हा विषय काढला नाही. तू ओळखतेस तिला, ती मागत नाही, नुसती आठवण काढते, आणि त्या आठवणीचं ओझं दिवसभर आपल्या डोक्यावर.

तिमजली हे नाव बाबांनी ठेवलेलं. खाली बिस्किटांचा चुरा लोण्यात घोळून दाबायचा, तो तळमजला. त्यावर फळांच्या फोडी आणि साखर, तो पहिला. त्यावर मैद्याचा भुगा, वर पुन्हा फोडी, आणि सगळ्यावर दूध-अंड्यांचं मिश्रण ओतून ओव्हनमध्ये, म्हणजे गच्ची. आई म्हणायची हे चार मजले झाले, बाबा म्हणायचे तळमजला धरत नाहीत. त्यांचं ते भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही, पण दर उन्हाळ्यात दोघं एकाच ताटलीतून खायची. आपण हे घराण्याचं वळण का घेतलं नाही कोण जाणे.

आता खोटं कशाला बोलू. मी तिमजली करायला घेतली ती काही निव्वळ बायकोच्या मायेपोटी नाही. त्यात माझा एक डाव होता. सहा वर्षांपूर्वी मी तुझा ओटा बांधला, आणि त्याच महिन्यात उरलेल्या दगडातून आमचा. पुढच्याच आठवड्यात तू तुझ्या नव्या ओट्यावर तिमजली करून आमच्याकडे घेऊन आलीस, ती डावीकडे कच्ची आणि उजवीकडे जळकी. तू म्हणालीस, तुझा ओटा उतरता आहे रे. आणि मी, चार माणसं जेवायला बसलेली असताना, हसत हसत म्हणालो, 'नाचता येईना, अंगण वाकडं.' सगळे हसले. तू भांड्यावर झाकण ठेवलंस, पदर सारखा केलास आणि निघालीस. मी मागे आलो नाही. मला वाटलं होतं, कोपऱ्यावरून परत येशील. तेव्हा मी म्हटलं, त्याच महिन्यात बांधलेल्या ओट्यावर, माझ्यासारख्या गवंड्याने, जन्मात पहिल्यांदा तिमजली केली आणि ती सरळ झाली, की वाद कायमचा मिटला. एक फोटो काढून तुला पाठवायचा, खाली काही लिहायचं नाही. (मजकूर मनात तयार होता, पण मोठेपणाने लिहायचा नाही.)

त्या भांडणानंतर तू हिला पाठवलेली कृती कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, तुझ्याच अक्षरात. शेवटची ओळ अशी: 'भांडं सपाट जागी ठेवावं (असल्यास).' हे कंसातलं 'असल्यास' सहा वर्षं माझ्या डोळ्यांत खुपतंय. साखर काढायला कपाट उघडलं की टोमणा, चहा काढायला उघडलं की टोमणा.

पहिला दिवस वाया गेला, तो माझ्या धंद्यामुळे. तू लिहिलंस चुरा दाबून बसवावा. मला चुरा बघवेना. चांगली घडलेली, एका मापाची, काटकोनातली बिस्किटं, ती फोडायची कशाला? मी ती आख्खीच लावली. एका ओळीचा सांधा दुसऱ्या ओळीच्या सांध्यावर येता कामा नये, म्हणून सांधेमोड करत लावली, कडेला अर्धी बसवली आणि फटी लोण्याने भरल्या. पाऊण तास गेला, पण ताई, तो थर बाबांनी पाहिला असता तर पाठीवर थाप मारली असती. (वरून थापी फिरवली. ही खुर्चीतून ओरडली, ती थापी का? मी म्हटलं, तीनदा धुतली आहे. ती म्हणाली, प्रश्न तो नव्हता.) मैद्याचं आळं केलं, त्यात लोणी सोडलं, कालवलं. सगळं ओव्हनमध्ये घातलं आणि ही औषधाच्या गुंगीत झोपली. अडचण पुढे झाली. भांडं बाहेर काढलं, तर वरचा थर सुकून बारीक तडे गेलेले. आता नव्या कामाला तडा दिसला तर गवंडी काय करतो? पाणी मारतो. मी मारलं. दर अर्ध्या तासाने, हाताने, हलकेच, कडेकडेने. ही उठली तेव्हा तिमजलीचं तळं झालं होतं, आणि मी त्यावर ओलं फडकं अंथरत होतो. ती इतकी हसली की मोडलेला हात धरून बसली. त्यानंतर तिने मला समोर उभं करून वदवून घेतलं की खायच्या वस्तूवर मी पुन्हा पाणी मारणार नाही.

दुसऱ्या दिवशी चुरा केला. मान खाली घालून केला. सुरुवातीला ओटा लख्ख धुतला, ओव्हन उचलला, तर त्याच्या डाव्या दोन पायांखाली कागदाच्या चुरगळलेल्या दोन घड्या. कुणी कचरा कोंबून ठेवलाय म्हणून मी त्या फळांच्या सालींबरोबर टोपलीत टाकल्या. ही त्या वेळी दारावरच्या दूधवाल्याशी बोलत होती, हे लक्षात ठेव. मग थरावर थर दिले, मिश्रण ओतलं, आणि बाहेर काढलं तेव्हा पाहतो तर काय, डावीकडे बोटभर खोल पिवळं तळं, उजवीकडे कोळसा. अगदी तुझी. त्या दिवशी तू आमच्या टेबलावर ठेवली होतीस, तीच जणू सहा वर्षं फिरून परत आली होती.

मी आधी ओव्हनला दोष दिला. मग अंड्यांना. मग ओट्याची पातळी बघायला पाणसळ काढली. (तीच बाबांची, जिच्या पोटातला बुडबुडा सोडवायला तू लहानपणी हातोडी घेऊन बसली होतीस.) ओट्यावर ठेवली, बुडबुडा बरोब्बर मधोमध. मी हिला म्हटलं, बघ! तिने डाव्या हाताने एक आलुबुखार उचलला आणि ओट्यावर ठेवला. तो डावीकडे घरंगळत गेला आणि खाली पडला. मी म्हटलं, फळ वाकडं आहे. तिने दुसरा ठेवला. तिसरा ठेवला. चौथा पडल्यावर मी खाली बसलो, आणि बसल्यावर बाबांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं आठवलं: पाणसळीवर विश्वास ठेवायचा नाही, उलटीसुलटी करून बघायचं. डावं टोक उजवीकडे केलं. बुडबुडा सरळ टोकाला जाऊन बसला, म्हणजे पाणसळच खोटी. मग आणखी एक आठवलं. तुझा ओटा बांधायच्या आठवडाभर आधी ती परांचीवरून पडली होती. काच फुटली नाही एवढं बघून मी ती पिशवीत टाकली होती. (घड्याळवाल्या काकांच्या दुकानातला कट्टाही त्याच महिन्यातला. त्यांचे हरवलेले स्क्रू कायम डावीकडच्या कोपऱ्यात सापडतात आणि ते मला दुवा देतात. आता मी त्यांच्या तोंडाकडे कसा बघू?)

मी हिला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, पहिल्या केकपासून. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, आधी टोपलीतून ते कागद काढा.

ताई, मी आयुष्यभर लोकांच्या भिंती सरळ केल्या. माझ्याकडे मिरवायला दुसरं काही नव्हतं, ना शिक्षण, ना बोलणं. म्हणून तू ओटा वाकडा म्हणालीस तेव्हा मला तो ओटा ऐकू आलाच नाही, मी वाकडा असंच ऐकू आलं. आणि मग मी चारचौघांत तुलाच वाकडं ठरवलं. तुझं बरोबर होतं. अंगण वाकडंच होतं गं. तू चांगली नाचत होतीस. हे तोंडावर बोलायला मला आणखी सहा वर्षं लागली असती, म्हणून लिहितो आहे.

त्या दुसऱ्या तिमजलीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. कच्च्या आणि जळक्याच्या मधोमध तीन बोटं रुंदीची एक पट्टी बरोबर शिजली होती. आम्ही दोघांनी ती एकाच ताटलीतून खाल्ली. ही डाव्या हाताने खात होती, त्यामुळे मला जास्त मिळाली. चव तुझीच होती.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना जपणे.

तुझा धाकटा,
(जन्मापासून ज्याला तू दगड म्हणतेस, आणि पुढेही म्हणावंस)

ता. क. वर लिहिलं आहे की चूक कोणाची हा विषय काढायचा नाही. ते वाक्य खोडून वाच.

ता. क. दुसरा. तुझा ओटा मी येऊन फोडतो आणि नव्याने बांधतो. वाळू सांगून ठेवली आहे. पाणसळ नवी घेतली, दुकानातच तीनदा उलटी करून पाहिली, दुकानदार वैतागला. आमच्या ओट्याला मात्र हात लावायला ही परवानगी देत नाही. कारण टोपलीतून काढलेले ते दोन कागद. पुसून, वाळवून जोडले तर ते एकाच चिठ्ठीचे दोन तुकडे निघाले. अक्षर ओळखीचं होतं. 'वहिनी, ओव्हनच्या डाव्या पायांखाली ही चिठ्ठीच घडी घालून ठेव, केक सरळ होईल. त्याला सांगू नकोस. त्याचं कामावरून मन उडेल.' तारीख बघितली. तू आमच्याकडून रागाने गेलीस, त्याच्या नवव्या दिवसाची. ताई, मी सहा वर्षं तुझ्यावर रुसून त्याच ओट्यावरचं जेवलो, आणि तो तू तोलून धरला होतास. घड्या पुन्हा जागच्या जागी ठेवल्या आहेत.

ता. क. तिसरा, आणि पत्राचं खरं कारण एवढंच. पीच अजून दोन आठवडे मिळतील असं फळवाला म्हणतो. हिचं प्लास्टर निघायला तीन आहेत. माझ्या हातची तिसरी तिमजली खायची वेळ तिच्यावर आणू नकोस. घमेलं पॅसेजमधून हलवलं आहे, वाट मोकळी आहे. तू ये. नाच तू, अंगणाचं मी बघतो.