चौरंग म्हणून सांगितलेली खुर्ची

आई,

मायना काय लिहावा, कळत नाही. तुला पत्रं लिहिली ती फक्त कॉलेजच्या चार वर्षांत, आणि तेव्हा 'तीर्थरूप' लिहीत असे. आज ते लिहायला हात धजत नाही.

तुझं वर्षश्राद्ध होऊन नऊ दिवस झाले. आज रविवार. सकाळी ओटीवर शाळेतल्या दोघा मास्तरांबरोबर चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात गव्हाणचा काशिनाथ आला. मिठागरावर काम करणारा माणूस. पायरीखाली उभा राहिला आणि खाडीपलीकडून हाक मारावी तशा आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमचे आयेची ती भोकाची खुर्ची, खालती भांडा ठेवायची, ती घरान हाय का? आमचे आयेला उकिडवा बसाया नाय येत. धोंडू सुतार बोलला, मास्तरांकडं जा."

दोघे मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "ती मोडली. तुम्ही नंतर या, मग बोलू."

मोडली! शब्द खोटा नाही. पण कोणी मोडली आणि केव्हा, ते मी गिळलं. काशिनाथ "बरा" म्हणून निघून गेला. त्याचं गाव काही जवळ नाही. चहा संपला, मास्तर गेले, आणि मी तेव्हापासून हा कागद पुढे घेऊन बसलोय. दुसऱ्या कोणाला लिहू?

तू मागच्या पायरीवरून पडलीस ते चैत्रात. डॉक्टरांनी सांगितलं, मांडीचं हाड या वयात जुळायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. सांगायला सोपं! आपलं शेतखान्याचं खोपटं परसाच्या टोकाला. मालती आणि धुणंवाली तुला दोन्हीकडून उचलून न्यायच्या, तेही उजाडायच्या आत, कोणी बघू नये म्हणून. अंथरुणात भांडं घ्यायला तू तयार नव्हतीस. "मी काय तान्ही आहे?" म्हणालीस.

एक दिवस मालती म्हणाली, "आईंचा तांब्या सकाळी भरला तसाच आहे." मी तुला विचारलं. तू म्हणालीस, "तहान नाही रे." पनवेलच्या उन्हाळ्यात, ओठांना चिरा पडलेल्या असताना, तहान नाही! मी मान हलवली आणि शाळेत गेलो. मालतीला मात्र दोन दिवसांत कळलं. प्यायलं की जावं लागतं, जायचं तर दोघींनी उचलायचं, म्हणून तू पाणीच सोडलं होतंस. हे तू मला का सांगितलं नाहीस? आणि मी, दोन विषय घेऊन पदवीधर झालेला तुझा मुलगा, मला ते दिसलं कसं नाही?

खुर्चीची कल्पना डॉक्टरांची. मुंबईच्या इस्पितळात त्यांनी पाहिली होती. मी कागदावर वरून, समोरून, बाजूने अशा तीन आकृत्या काढल्या आणि धोंडू सुताराकडे गेलो. तो गाडीच्या चाकाला आरे बसवत होता. आकृत्या बघून म्हणाला, "मास्तर, आई कागदावर बसणार काय?" मग खुर्ची कशासाठी ते ऐकल्यावर त्याने कागद परत केला.

"पाट सांगा, पाळणा सांगा, चाक सांगा. ह्या कामाला माझं हत्यार लागायचं नाही. खंडेनवमीला हळदकुंकू वाहतो मी त्याला."

"मग मी काय करू, धोंडूदादा?"

त्याने हातातला आरा ठोकून बसवला. "तुमचं हत्यार घ्या. मी शिकवतो. लाकडाला हात नाही लावणार, तोंडाने सांगीन."

तसंच झालं. जुन्या बाजारातून एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या, हातोडी आणि काटकोन बघायचा गुण्या एवढं घेतलं. जुन्या दाराचं सागवान मिळालं. धोंडू संध्याकाळी दुकान बंद करून यायचा, मागच्या पडवीत माझ्यापासून चार हात लांब बसायचा, विडी ओढायचा आणि बोलायचा. पहिले आठ दिवस त्याने लाकडाला हातच लावू दिला नाही. नुसती धार. दगडावर पाणी टाकायचं, पटाशी टेकवायची, कोन न हलवता पुढेमागे करायची. "पाणी टाका, मास्तर. दगड सुका पडला की पोलाद जळतं." तू आत पडल्या पडल्या हे ऐकत होतीस ना?

मग रंधा. पहिल्याच हाताला सागवानाच्या खपल्या निघाल्या. धोंडू हसला. "मांजराला उलटं कुरवाळता काय? रेघ कुठे जाते बघा, तिच्या संगतीने चला." फळी फिरवून घेतली, तर लांब, पातळ, अख्खी साल निघाली, कागदासारखी गुंडाळत. मी ती तुला आणून दाखवली. तू हुंगलीस. "सागाला काय वास असतो रे," म्हणालीस. तुझा आवाज कोरडा होता. माझं लक्ष सालीकडे होतं.

करवतीने रेघेवरून न जाता रेघेच्या बाहेरून कापायचं, रेघ लाकडावर शिल्लक ठेवायची, हे शिकायला मला दहा दिवस लागले. पायाच्या टोकाला कुसू काढायचा, म्हणजे फळीत शिरणारी खुंटी, आणि फळीत त्याच मापाचं भोक पाडायचं. कुसू सैल झाला की मी पाय टाकून द्यायचो आणि नवा घ्यायचो. धोंडू म्हणायचा, "चालतंय मास्तर, पाचर मारा." मला चालत नव्हतं.

आई, इथे एक गोष्ट कबूल करतो. ते काम मला आवडायला लागलं होतं. शाळेतून आलो की तुझ्या खोलीच्या आधी मी पडवीत जायचो. मघाशी त्या महिन्यांची रोजनिशी काढून पाहिली. 'पटाशीला धार बरी आली.' 'डावा मागचा पाय गुण्यात नाही, उद्या पुन्हा.' तू त्या दिवशी किती पाणी प्यालीस, हे एकाही पानावर नाही.

मालती एकदा म्हणाली, "किती दिवस? तोवर खोक्याला भोक पाडून द्या." मी म्हणालो, "आई बसणार आहे त्यावर. मोडलं तर?" ती त्या सात आठवड्यांत रोज तुला उचलत होती. आणि मी तिला मजबुतीबद्दल सांगत होतो!

आता ती लाजिरवाणी गोष्ट. शेजारच्या सीताकाकूंनी कुंपणावरून विचारलं, "काय करताय हो दत्तोपंत?" चार पाय आणि वर फळी, एवढंच तयार झालं होतं. पाठ लावायची आणि भोक पाडायचं बाकी होतं. माझ्या तोंडून निघालं, "चौरंग."

तू आतून ऐकलंस. रात्री जेवण भरवताना मला म्हणालीस, "बरं सांगितलंस." त्या दोन शब्दांवर मी वर्षभर विचार करतोय. मी तुझी लाज राखली की माझी? तुला हायसं वाटलं म्हणून मी स्वतःला माफ केलं. पण मी खरं सांगितलं असतं, तर तुलाही कदाचित वाटलं असतं की यात लाजण्यासारखं काही नाही. तू माझ्या तोंडाकडे बघून ठरवत होतीस. लहानपणी मी पडलो की आधी तुझ्या तोंडाकडे बघून मग रडायचं की नाही ते ठरवायचो, तसं.

तिसऱ्या दिवशी काकू दारात. "दत्तोपंत, उद्या आमच्याकडे सत्यनारायण. आमच्या चौरंगाचा पाय नेमका आजच निखळला. तुमचा नवा एक दिवस द्या."

"तो... अजून पुरा झालेला नाही, काकू."

"अहो, केवढा देखणा झालाय! थोडा उंच आहे, पण बरंच की. मागे बसलेल्यांनाही देव दिसेल."

मालती माझ्याकडे बघत होती. आता तरी सांगा, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं. आणि मी तो उचलून काकूंच्या मुलाच्या हातात दिला! रविवारी भोक पाडायचंच आहे, एका दिवसाने काय होतं, असं मनाशी म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रसाद घ्यायलाही गेलो. माझ्या चार पायांना केळीचे चार खुंट बांधलेले, मध्ये कलश, आणि भटजी म्हणताहेत, चौरंग कोणी केला हो, उत्तम काम आहे. आई, मला बरं वाटलं होतं तेव्हा. हेही लिहून ठेवतो.

परत आला तेव्हा फळीवर हळदीकुंकवाचे डाग होते आणि एका पायाला केळीचं सोपट चिकटलं होतं. मी तो तुझ्या खाटेशी आणला, खडूने वर्तुळ आखायला लागलो. तू हात पुढे करून ते सोपट सोडवलंस.

"दत्तू, ह्यावर देव बसला होता."

"काल विसर्जन झालं, आई. देव गेला."

"गेला तरी बसला होता. ह्याला भोक पाडून मी खाली भांडं ठेवू?"

"मग आता काय करायचं?"

"ने तो. काकूंना देऊन टाक." आणि तू भिंतीकडे तोंड केलंस.

मी चिडलो. पडवीत येऊन मालतीसमोर ओरडलो, की आजकालच्या जगात हे काय, मी सात आठवडे राबलो. मालती भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. "तुम्ही खरं सांगितलं असतं तर काकू मागायला आल्या असत्या का?"

धोंडूने हत्याराच्या देवापायी नाही म्हटलं तेव्हा मी त्याला मनात अडाणी म्हटलं होतं. तो निदान उघड बोलला. मी काय केलं?

चौरंग काकूंकडे धाडला आणि त्याच दुपारी वाण्याच्या दुकानातून एक देवदारी खोकं आणलं. पाय उरलेल्या सागवानाचे. कुसू नाही, गुण्या नाही, सरळ खिळे ठोकले. भोक पटाशीने पाडलं, कडा कानशीने घासल्या, वर मालतीने जुन्या लुगड्याची घडी शिवून बसवली. अडीच तास लागले. एक पाय आखूड पडला, त्याखाली पुठ्ठा. मालतीने आणि मी तुला धरून बसवलं. खुर्ची करकरली. तू दोन्ही बाजू हाताने चाचपल्यास आणि म्हणालीस, "डुगडुगते रे, मास्तर." किती दिवसांनी चेष्टा केलीस!

मग आम्ही बाहेर येऊन दार लोटून घेतलं. तू एकटी होतीस आत, चैत्रानंतर पहिल्यांदा. थोड्या वेळाने तू हाक मारलीस. पुन्हा खाटेवर निजवल्यावर तू म्हणालीस, "मालू, पाणी दे गं." अख्खा तांब्या प्यालीस. मालती पदराने डोळे पुसत दुसरा भरायला गेली.

ती डुगडुगती खुर्ची तू एकोणीस दिवस वापरलीस. नंतर ताप, आणि संपलंच. डॉक्टर म्हणतात, पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही, वय झालं होतं. मी त्यांना तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा ते माझ्यावर रागावले. तुला विचारू का? नको. तू "नाही रे" म्हणशील, तहान नाही म्हणाली होतीस तसंच.

आणि आता काशिनाथला जे सांगितलं नाही ते. तुला नेऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी माणसं भेटायला यायची होती. मी ती खुर्ची पडवीत नेली, हातोडीने खिळे उचकटले आणि फळ्या बंबात घातल्या. तिच्यावर तापवलेल्या पाण्याने मी अंघोळ केली. कोणी विचारलंही नसतं, आई. विचारलं असतं तरी काय झालं असतं? ती राहिली असती, तर काशिनाथ आज ती खांद्यावर टाकून घरी घेऊन गेला असता, आणि त्याची आई संध्याकाळी पाणी प्यायली असती.

दुपारी हे सगळं मालतीला बोलून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लिहून झालं की पडवीत जा. आणि दोन करा. एक घरात राहू दे, आपल्यालाही लागणारच आहे." मी हसलो, ती हसली नाही.

मी थकलोय, आई. मनगट दुखतं, चष्मा लागलाय, करवत गंजली आहे. तरी आज धार लावून ठेवतो. कुसू काढत बसणार नाही, खिळेच मारतो. काशिनाथच्या आईची आधी, दोन दिवसांत होईल. बुधवारी शाळा सुटल्यावर ती खुर्ची मी स्वतः गव्हाणला पोचवीन. पोत्यात गुंडाळणार नाही. बाजारातून, शाळेवरून, काकूंच्या दारावरून एस.टी. स्टँडपर्यंत डोक्यावर घेऊन जाईन, भोक वर करून. कोणी विचारलं, मास्तर काय नेताय, तर कशाची खुर्ची ते सांगीन, आणि कोणासाठी पहिली केली होती तेही. हे वचन.

तुझा,
दत्तू